जहाज विकलं, कागद मागे राहिले

ब्रिटिश नोंदणीतल्या प्रत्येक व्यापारी जहाजाच्या मुख्य तुळईवर त्याचा अधिकृत क्रमांक छिन्नीनं कोरलेला असे. नाव मात्र रंगानं लिहिलेलं, म्हणजे एका दुपारी खरवडून दुसरं लिहिता येण्याजोगं. क्रमांक टिकायचा, पण जहाज ब्रिटिश झेंड्याखाली आहे तोवरच. ते ग्रीक किंवा पनामाच्या नोंदणीत गेलं की जुनं खातं बंद व्हायचं आणि नव्या देशात नवा क्रमांक मिळायचा. पोलाद तेच, इंजिन तेच, तडाही असेल तर तोच, पण कागदोपत्री जहाज कोरं करकरीत.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकार जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजमालकांपैकी एक झालं आणि युद्ध संपताच त्यानं हा ताफा विकायला काढला. विकणं चूक होतं असं मला वाटत नाही. जहाज विकताना त्याची कुंडली बरोबर देण्याची सक्ती कुणावर घातली नाही, ही चूक होती. आज भारत सरकार जहाजबांधणीवर मोठी रक्कम लावत असताना हा जुना हिशेब काढणं म्हणूनच गरजेचं आहे.

आधी हा ताफा काय होता ते पाहू. १९३९मध्ये जहाज मंत्रालय उभं राहिलं. मे १९४१मध्ये ते वाहतूक मंत्रालयात मिळून युद्ध-वाहतूक मंत्रालय झालं आणि लॉर्ड लेदर्स त्याचे मंत्री झाले. या मंत्रालयाच्या जहाजांच्या नावाआधी 'एम्पायर' लागे. तेराशेहून जास्त जहाजांना हे नाव लागलं. त्यांत नवी बांधलेली होती, शत्रूकडून पकडलेली होती आणि पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत गंजत पडलेली विकत घेतलेलीही होती. अमेरिकेत बांधून घेतलेल्या साठ जहाजांना 'ओशन', कॅनडातल्यांना 'फोर्ट' आणि उधार-उसनवारीच्या करारावर आलेल्या सुमारे दोनशे अमेरिकन लिबर्टी जहाजांना 'सॅम' अशी नावं होती. नावावरूनच खानदान कळे. मालकी किंवा ताबा सरकारचा असे, पण खलाशी भरती करणं, कोळसा-पाणी बघणं, डागडुजी करणं ही कामं खासगी कंपन्या मेहनतान्यावर करत. जहाज सरकारचं आणि कारभार व्यापाऱ्याचा, ही व्यवस्था युद्धात उत्तम चालली हे मान्य करायला हवं.

ओशन, फोर्ट आणि लिबर्टी या जहाजांचा मूळ नमुना इंग्लंडमधल्या सडरलंडच्या थॉम्पसन गोदीतला होता. १९४०च्या शरद ऋतूत गोदीचे सिरिल थॉम्पसन आणि अभियंते हॅरी हंटर आराखडे घेऊन अमेरिकेला गेले. परतताना थॉम्पसन ज्या जहाजावर होते त्यावर टॉर्पेडो पडला; ते वाचले, आणि डिसेंबरमध्येच साठ जहाजांचा करार झाला. जहाज साधं होतं: लांबी सुमारे ४४० फूट, रुंदी ५७, पोटात दहा हजार टन माल, तिहेरी प्रसरणाचं २,५०० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन आणि ११ नॉट वेग. वेगवान टर्बाइन युद्धनौकांना हवी होती, म्हणून इथं आजोबांच्या काळातलं इंजिन बसवलं. ते कोणत्याही बंदरात, कोणत्याही मिस्त्रीला उघडता येई. युद्धानंतर ही जहाजं एवढी खपली त्याचं अर्धं कारण हेच.

आणि ती खपली, हे चांगलंच झालं. युद्धात आपला बहुतेक ताफा गमावलेल्या ग्रीक मालकांना १९४६-४७मध्ये अमेरिकेकडून शंभर लिबर्टी मिळाल्या आणि त्यांवर त्यांनी पुढचं साम्राज्य उभं केलं. ब्रिटिश उद्योजक फ्रँक बस्टर्ड यांनी रणगाडे उतरवणारी मोठी नौदल जहाजं भाड्यानं घेतली, त्यांना 'एम्पायर बाल्टिक', 'एम्पायर सेल्टिक', 'एम्पायर सेड्रिक' अशी नावं दिली आणि सप्टेंबर १९४६मध्ये टिलबरीहून रॉटरडॅमला गाड्या चालवत चढवायच्या आणि चालवत उतरवायच्या अशी सेवा सुरू केली. आज मोटारी-ट्रक वाहणाऱ्या ज्या फेरीबोटी जगभर दिसतात त्यांची ही आजी. जर्मनीकडून मिळालेलं 'पॉट्सडाम' हे प्रवासी जहाज 'एम्पायर फोवी' नावानं सैन्य वाहून झाल्यावर १९६०मध्ये कराचीला गेलं आणि 'सफिना-ए-हुज्जाज' होऊन हाजींना नेऊ लागलं. 'प्रिटोरिया'चं 'एम्पायर ऑरवेल' झालं आणि पुढं 'गुनुंग जाती' या नावानं इंडोनेशियाच्या हाजींची सोय झाली. हिटलरच्या काळात पाण्यात उतरलेल्या जहाजांनी मक्केच्या वाटेवर म्हातारपण काढलं. अशी जहाजं बंदरात बांधून गंजवत ठेवणं हा गाढवपणा ठरला असता.

'एम्पायर मॅकअल्पाइन'चं उदाहरण तर नमुनेदार आहे. हे धान्याचं जहाज. त्यावर सपाट धावपट्टी टाकून चार स्वोर्डफिश विमानं ठेवली. धान्यच का? कारण ते नळीनं ओतता येतं आणि नळीनंच ओढून काढता येतं. त्याला मोठी झाकणं लागत नाहीत, क्रेन लागत नाही, त्यामुळं वरचा सगळा डेक विमानांना मोकळा राहतो. युद्धानंतर धावपट्टी कापली, क्रेनचे खांब उभे केले आणि 'डेरीनेन' या नावानं ते साधं मालवाहू जहाज झालं. मग 'हंट्सब्रुक', मग आशियातली आणखी काही नावं, शेवटी 'पॅसिफिक एन्डेव्हर', आणि १९७०मध्ये हाँगकाँगला भंगारात. त्या शेवटच्या खलाशांपैकी किती जणांना माहीत असेल की पायाखालच्या डेकवर एकेकाळी विमानं उतरत होती? तो डेक कुठं कापला, कुठं जोडला, कुठं वजन चढवलं-उतरवलं, हे मात्र त्यांना माहीत असायलाच हवं होतं.

आता बिघाडाकडे येऊ. अमेरिकेत बांधलेली ही जहाजं वेल्डिंगनं जोडलेली होती. रिव्हेटच्या, म्हणजे ठोकलेल्या खिळ्यांनी जोडलेल्या जहाजात पत्र्याला तडा गेला तर तो पत्र्याच्या कडेशी, जोडापाशी थांबतो. वेल्डिंगच्या जहाजात सगळं कवच एकसंध, त्यामुळं तडा एका पत्र्यातून दुसऱ्यात विनाअडथळा जातो. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की दोष एकट्या वेल्डिंगचा नव्हता. त्या काळचं पोलाद ठरावीक थंडीखाली काचेसारखं ठिसूळ होत असे. त्यात होल्डच्या, म्हणजे माल भरायच्या कोठ्याच्या झाकणांचे कोपरे काटकोनी होते आणि ताण तिथंच साठत होता. उपाय सापडले: कोपरे गोल करायचे, आणि कवचावर मुद्दाम रिव्हेट केलेल्या पट्ट्या बसवायच्या म्हणजे तडा तिथं येऊन अडेल. पण एखाद्या जहाजावर हे काम झालंय की नाही, कुठं झालंय, कोणत्या पत्र्यातला तडा आधी एकदा दुरुस्त केलाय, हे तिसऱ्या मालकाला कोण सांगणार? त्यानं वर्गीकरण संस्था (जहाजाची मजबुती तपासून दाखला देणारी) बदलली, झेंडा बदलला की जुन्या तपासनिसाच्या टिपणांशी त्याचा संबंध संपला.

तड्यापेक्षाही मला बॅलास्टची गोष्ट महत्त्वाची वाटते, कारण ती फारशी सांगितली जात नाही. रिकामं जहाज समुद्रात नेताना वजन भरावं लागतं, तेच बॅलास्ट. लिबर्टीसारखं जहाज रिकामं असताना वजन सगळं तळाशी ठेवलं तर ते फार 'ताठ' होतं: कललं की झटक्यानं उलटं येतं, माणसं फेकली जातात, सांगाड्याला हिसके बसतात. म्हणून वजन वर, मधल्या डेकवर ठेवायची पद्धत. टेम्स नदीतली वाळू-खडी स्वस्त मिळे, तीच भरत. आता खडी सुटी असते. तिचा ढीग एका ठरावीक कोनापर्यंत उभा राहतो; जहाज त्यापलीकडं कललं की सगळा ढीग एका बाजूला घरंगळतो आणि परत येत नाही. जहाजाला कायमचा कल येतो. पुढची लाट त्याला सरळ स्थितीतून कलवत नाही, आधीच्या कलापासून पुढं ढकलते. यावर उपाय म्हणजे लांबीच्या दिशेनं भक्कम फळ्या उभ्या करून खडीचे कप्पे पाडायचे. फळ्या कमजोर असतील तर खडीच्या वजनानं त्या मोडतात आणि मग त्या नसल्यासारख्याच.

'सॅमकी' जानेवारी १९४८च्या अखेरीस लंडनहून क्यूबाला निघालेलं असताना अझोर्स बेटांजवळ ४३ माणसांसह नाहीसं झालं. अवशेष नाहीत, बोटी नाहीत, मदतीची हाक नाही. पोटात टेम्सची सुमारे १,५०० टन खडी होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'लेस्टर' हे जहाज अशीच खडी घेऊन अटलांटिकमध्ये वादळात सापडलं, भयंकर कललं, सहा माणसं गेली आणि बाकीच्यांनी जहाज सोडलं. पण लेस्टर बुडालं नाही. तरंगत राहिलं, टगबोटींनी ते बर्म्युडाला ओढून नेलं (तिथं पुन्हा दुसऱ्या वादळानं त्याला किनाऱ्यावर टाकलं, दुर्दैवाची तरी हद्द), आणि खडी कशी सरकली हे लोकांना डोळ्यांनी बघता आलं. सॅमकीही बॅलास्ट सरकूनच गेलं असावं, हा निष्कर्ष मग पटण्याजोगा ठरला. आता नावं बघा. 'लेस्टर' आधी 'सॅमेस्क' होतं. सॅमकी आणि सॅमेस्क ही सख्खी भावंडं आहेत हे शाळकरी पोरालाही कळेल. सॅमकी आणि लेस्टर ही भावंडं आहेत हे जुनी नावं शोधल्याशिवाय कळत नाही. नाव बदललं म्हणून अपघात झाला असं मी म्हणत नाही. एका जहाजाचा धडा दुसऱ्याला लागू करायचा तर दोघांचं नातं गोदीतल्या तपासनिसाला झटकन दिसायला हवं, एवढंच म्हणणं आहे. लॉइड्सच्या रजिस्टरात, म्हणजे जहाजांच्या छापील यादीत, जुनी नावं छापलेली असत हे खरं. पण धक्क्यावर खडी भरून घेणारा मुकादम रजिस्टर चाळत बसत नाही.

एप्रिल १९४७मध्ये वेल्सच्या स्कर पॉइंटवर 'सॅमटॅम्पा' फुटून तिचे तीन तुकडे झाले. ३९ खलाशी आणि त्यांना वाचवायला गेलेल्या मम्बल्सच्या जीवरक्षक बोटीवरचे आठही जण मेले. तीही रिकामी होती, वाऱ्याला उंच भिंतीसारखी.

सरकारनं विकलेली जहाजंच कागदांवाचून फिरली असं मात्र नाही. 'एम्पायर विंडरश' शेवटपर्यंत सरकारकडेच राहिलं. १९३०मध्ये हॅम्बुर्गला बांधलेलं 'मोंटे रोझा'. १९४२मध्ये नॉर्वेतल्या ज्यू कैद्यांना जर्मनीकडे नेण्यात त्याचाही हात होता. १९४५मध्ये ते ब्रिटनच्या हाती लागलं आणि २२ जून १९४८ला कॅरिबियन बेटांवरच्या लोकांना घेऊन टिलबरीला लागलं. मार्च १९५४मध्ये पूर्वेकडून सैनिक आणि त्यांची कुटुंबं आणताना, वाटेत इंजिन वारंवार बिघडत असताना, अल्जीरियाच्या किनाऱ्यासमोर इंजिनखोलीत आग लागली. चौघे जण गेले, बाकी सुमारे पंधराशे माणसं वाचली. वीज गेल्यामुळं सगळ्या बोटीही नीट उतरवता आल्या नाहीत. चोवीस वर्षांचं जहाज, परक्या देशाची इंजिनं, शत्रूकडून मिळालेले आराखडे, आणि सरकार स्वतःच मालक. दोन दिवसांनी ते बुडालं आणि आगीचं नेमकं कारण तपासायला धातूच उरला नाही.

पुढचा अध्याय जहाजाचा नसून माणसांचा आहे. विंडरशसारख्या जहाजांनी आलेल्या त्या पिढीच्या स्थलांतरितांची उतरण्याची कार्डं ब्रिटनच्या गृह खात्यानं २०१०मध्ये नष्ट केली. जागा व्यापतात, गरज नाही, असा विचार असावा. त्या दशकात त्याच लोकांना देशात राहण्याचा हक्क सिद्ध करा म्हणून सांगण्यात आलं, कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार थांबले, काहींना देशाबाहेर काढलं, आणि २०१८मध्ये हे उघड झाल्यावर गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला. सरकारनं कागद टाकला आणि नागरिकाकडे कागद मागितला.

कागद असला की भागतं, असंही नाही. मुंबईकरांना हे शिकवायला नको. 'फोर्ट स्टिकीन' कॅनडात बांधलेलं, ब्रिटिश युद्ध-वाहतूक मंत्रालयासाठी चालणारं जहाज. बर्कनहेडहून निघालेल्या या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. कराचीत त्यावर हजारो कापसाच्या गाठी आणि तेलाची पिंपं चढली. १२ एप्रिल १९४४ला ते व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. स्फोटकं उतरवताना लावायचा लाल झेंडा लावलेला नव्हता. १४ तारखेला दुपारी दोन नंबरच्या होल्डच्या तळाशी कापूस पेटला. शेकडो टन पाणी ओतलं, पण कापूस पाण्यावर तरंगतो. जळत्या गाठी पाण्याबरोबर वर, स्फोटकांच्या दिशेनं सरकू लागल्या. जहाज बुडवावं तर धक्क्याचं पाणी उथळ. मालाची यादी जहाजावर होती, कप्तानाला ठाऊक होती, स्फोटकांच्या अधिकाऱ्याला ठाऊक होती. 'हे करा' असं सांगण्याचा अंतिम अधिकार मात्र कुणा एकाकडं नव्हता. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. सिंदियाचं 'जलपद्मा' उचललं जाऊन त्याचा मागचा भाग गोदामावर चढला. साठहून अधिक अग्निशामक मेले. १४ एप्रिलला आजही देशभर अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. म्हणून माझी मागणी दुहेरी आहे: कागद जहाजाबरोबर हवा, आणि तो वाचून हुकूम देणारं माणूस नेमलेलं हवं.

या जहाजांवरच्या आपल्या माणसांच्या कागदांचं काय झालं, तेही सांगायला हवं. रत्नागिरीकडचे डेकवरचे खलाशी, त्यांचा म्होरक्या सारंग आणि हाताखालचा टंडेल, गोव्याचे भंडारी म्हणजे स्वयंपाकी आणि वाढपी, बॉयलरपाशी राबणारे सिल्हेटचे आगवाले. युद्धाच्या सुरुवातीला त्यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या साधारण चौथा हिस्सा होता; १९३९मध्ये ब्रिटनच्या बंदरांत त्यांनी संप केले आणि काहींना तुरुंगात जावं लागलं. जहाज बुडालं की बुडाल्या दिवसापासून पगार बंद, हा नियम मे १९४१पर्यंत गोऱ्यांनाही होता. प्रत्येक खलाशाकडं त्याची 'नली' असे, म्हणजे कोणत्या जहाजावर किती काळ, कशी वागणूक याची पुस्तिका. नलीशिवाय पुढची नोकरी नाही. जहाज बेधडक नाव बदलून कोरं व्हायचं; खलाशाला मात्र जुना शेरा आयुष्यभर खिशात बाळगावा लागे. लंडनच्या टॉवर हिलवरच्या स्मारकात मेलेल्या व्यापारी खलाशांची नावं जहाजांच्या नावाखाली कोरलेली आहेत, 'एम्पायर'वाली जहाजंही तिथं आहेत. अविभाजित हिंदुस्थानचे सुमारे सहा हजार व्यापारी खलाशी मात्र मुंबई आणि चितगावच्या स्मरणपुस्तकांत आहेत. म्हणजे जहाज लंडनच्या पाटीवर आणि त्याचे आगवाले मशीद बंदरच्या वहीत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्याशिवाय एका जहाजाची हकिगत पुरी होत नाही.

जहाजाला आयुष्यभर एकच क्रमांक देण्याची कल्पना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं १९८७मध्ये स्वीकारली आणि १ जानेवारी १९९६पासून ती सक्तीची झाली. तोवर 'एम्पायर' जहाजं बहुतेक वितळून सळया झाली होती. सात आकडी क्रमांक, आणि शेवटचा आकडा तपासणीचा. उदाहरणार्थ ९०७४७२९: पहिल्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ नं गुणा. ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९, शेवटचा आकडा ९, क्रमांक बरोबर. २००४नंतर तो जहाजाच्या अंगावर कायमचा, बाहेरून दिसेल असा उठवावा लागतो. झेंडे, नावं आणि मालक कधी बदलले याची सलग नोंदही जहाजावर ठेवावी लागते. निर्बंध चुकवून तेल वाहणारी जहाजं आज काय करतात? भंगारात गेलेल्या जहाजाचा क्रमांक चिकटवून फिरतात. गणितात तो बरोबरच येतो. आकडा तपासणाऱ्यानं जहाजाचं पोट तपासलं नाही तर हे सापडत नाही.

भारतात सप्टेंबर २०२५मध्ये जहाजबांधणीसाठी ६९,७२५ कोटींचं पॅकेज मंजूर झालं. जुन्या जहाजांवर वयोमर्यादा घालण्याचं पाऊल नौकानयन महासंचालनालयानं त्याआधीच उचललं आहे. वयाची अट चांगली, पण अपुरी. सॅमकी बुडालं तेव्हा ते लहान मूल होतं, जेमतेम चार-पाच वर्षांचं. उलट त्याच जातीची कित्येक जहाजं वीस वर्षं सुखरूप चालली. धोका वयात कमी आणि न सांगितलेल्या दुरुस्त्यांत जास्त असतो.

यावर आक्षेप ठरलेला असतो: एवढे कागद मागितले तर सरकारी जहाजाला गिऱ्हाईक मिळणार नाही, किंमत पडेल. पडू दे. इतिहास कळल्यावर ज्याची किंमत पडते, त्याची आधीची किंमत खोटी होती. आणि सरकारच्या पैशातून एकाच नमुन्याची दहा-वीस जहाजं बांधायची तर पहिला पत्रा कापण्याआधी विक्रीचा मसुदा तयार हवा. त्यात असावं: पोलादाच्या प्रत्येक तुकडीची थंडीतली चाचणी, रिकाम्या प्रवासात बॅलास्ट कुठं आणि किती, याचा तक्ता, तोही टाकीत पाणी भरून, आडव्या-उभ्या प्रत्येक बदलाचा आराखडा, आणि भावंडांपैकी एकावर तडा सापडला तर बाकीच्यांच्या तेव्हाच्या मालकांना, मग ते कोणत्याही झेंड्याखाली असोत, कळवण्याची बांधणाऱ्यावर जबाबदारी. मोटारकंपन्या सदोष गाड्या परत बोलावतात, हे तसंच आहे.

शेवटी घातक पदार्थांची यादी. युद्धकाळातल्या वाफेच्या जहाजांत बॉयलर आणि नळ्यांभोवती ॲस्बेस्टॉस गुंडाळत. बांधणाऱ्याला ते माहीत होतं, कारण त्यानंच पोती मागवली होती. जहाजं भंगारात काढण्याबद्दलचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ला लागू झाला, आणि आता नव्या जहाजाबरोबर ही यादी फिरवावी लागते. त्याआधी अनेक दशकं मुंबईतल्या दारूखान्यात आणि गुजरातमधल्या अलंगला जहाजं फोडताना ज्यांनी गॅसकटर चालवला, त्यांना आवरणाच्या आत काय आहे हे ते कापल्यावर, पांढरी धूळ उडाल्यावर कळायचं.